शेअरचे मूल्य आणि शेअरची किंमत : हैदराबादच्या एका कंपनीचा अनुभव

कंपनीच्या शेअरची किंमत दररोज वर्तमानपत्रात प्रसिद्ध होत असते. त्या शेअरचे मूल्य किती, हा प्रश्न मात्र स्वतंत्र असून त्याचे उत्तर शोधण्यासाठी हिशेबतज्ज्ञांनी व अर्थशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या रीती बसविल्या आहेत. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आल्यावर तिचा थोडा अंश शेअरमध्ये गुंतवू पाहणारा निवृत्त शिक्षक, दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणास संमती देणारे न्यायाधिकरण, सार्वजनिक उपक्रमातील आपले भांडवल विकावयास काढणारे शासन, या सर्वांनाच कधी ना कधी या रीतींचा आधार घ्यावा लागतो. त्या प्रत्यक्षात कितपत उपयोगी पडतात हे तपासून पाहावयाचे झाल्यास हैदराबाद येथील सत्यम् कॉम्प्युटर सर्व्हिसेस या कंपनीच्या इतिहासाइतके बोधप्रद उदाहरण आपल्या देशात क्वचितच सापडेल.

मूल्य काढण्याच्या रीती

प्रथम या रीतींची थोडी ओळख करून घेणे उचित होईल. सर्वांत जुनी रीत मालमत्तेची. कंपनीच्या सर्व मालमत्तेतून सर्व देणी वजा करावयाची आणि उरलेल्या रकमेस शेअरांच्या संख्येने भागावयाचे. कंपनी आज मोडीत काढली तर प्रत्येक शेअरच्या वाट्यास काय येईल, एवढेच ही रीत सांगते. दुसरी रीत नफ्याची. दर शेअरमागे वर्षाकाठी किती नफा होतो ते पाहून त्यास योग्य पटीने गुणावयाचे. ही पट त्याच धंद्यातील इतर कंपन्यांच्या शेअरांचे भाव पाहून ठरविली जाते. तिसरी रीत वटावाची आहे. मुदतीची हुंडी आज वटवली तर पूर्ण रक्कम मिळत नाही, हे व्यापाऱ्यास ठाऊकच असते. त्याच न्यायाने शेअरवर पुढील वर्षांत मिळावयाचे लाभांश, अथवा कंपनीच्या हाती पडावयाची रोख शिल्लक, आजच्या किमतीस वटवून त्यांची बेरीज करणे म्हणजे मूल्य काढणे, अशी ही विचारसरणी आहे. जॉन बर विल्यम्स या अमेरिकन लेखकाने १९३८ मध्ये ती पद्धतशीर मांडली आणि पुढे मायरन गॉर्डन यांनी तिला सुटसुटीत सूत्राचे रूप दिले.

हे सूत्र दिसावयास फार सोपे आहे. पुढील वर्षी मिळणाऱ्या लाभांशास, गुंतवणूकदाराला अपेक्षित असलेला उत्पन्नाचा दर आणि लाभांशाच्या वाढीचा दर यांतील फरकाने भागले की मूल्य मिळते. समजा, लाभांश ५ रुपये, अपेक्षित दर शेकडा १४ आणि वाढ शेकडा ९ आहे. शेअरचे मूल्य १०० रुपये निघेल. वाढीचा अंदाज शेकडा ९ ऐवजी १० केला की मूल्य १२५ रुपये होते आणि १२ केला की २५० रुपये. एखादी कंपनी यापुढे कायम शेकडा ९ ने वाढेल की १२ ने, हे तिच्या संचालकांनाही सांगता यावयाचे नाही. परंतु तेवढ्या फरकाने उत्तर अडीचपट होते. या सूत्राचे पुष्कळसे सामर्थ्य आणि जवळजवळ सर्व धोके या एका उदाहरणात आले आहेत.

भांडवल नियंत्रकांचा काळ

आपल्या देशात दीर्घकाळ हा प्रश्न शासनानेच सोडविला होता. भांडवल उभारणी नियंत्रण अधिनियम, १९४७ अन्वये नव्या शेअरांची किंमत ठरविण्याचा अधिकार दिल्लीतील भांडवल नियंत्रकांकडे होता. त्यांच्या मार्गदर्शक सूत्रानुसार मालमत्तेवरून एक आकडा काढीत आणि मागील वर्षांच्या सरासरी नफ्यावरून दुसरा. नफ्याचे भांडवलात रूपांतर करताना कारखानदारी कंपनीस शेकडा १५ आणि व्यापारी कंपनीस शेकडा २० असा दर लावण्यात येई. या दोन आकड्यांची सरासरी ती वाजवी किंमत. मालमत्तेवरून ४० रुपये आले आणि दर शेअरमागे ९ रुपये नफा शेकडा १५ ने भांडवलात बदलून ६० रुपये आले, तर किंमत ५० रुपये ठरे.

या सूत्रात भविष्याला स्थानच नव्हते. त्यामुळे किमती बहुधा बाजारभावापेक्षा पुष्कळ कमी निघत. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांना आपले भांडवल भारतीयांस विकणे भाग पडले, तेव्हा मुंबई-पुण्याच्या कित्येक मध्यमवर्गीय कुटुंबांनी नामवंत कंपन्यांचे शेअर अशाच स्वस्त दराने घेतले. नियंत्रकांचे सूत्र चुकीचे असूनही ज्यांना ते लाभदायक ठरले त्यांनी त्याविरुद्ध तक्रार केल्याचे ऐकिवात नाही!

हा अधिनियम १९९२ मध्ये रद्द झाला आणि किंमत ठरविण्याचे काम कंपन्यांकडे व बाजाराकडे आले. बाजाराचा अंदाज तरी अचूक असतो काय? १९८१ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या आणि नंतर बंगलोरला गेलेल्या इन्फोसिस कंपनीने १९९३ मध्ये ९५ रुपयांस शेअर विक्रीस काढले, तेव्हा ते पूर्णपणे खपलेसुद्धा नाहीत. पुढे ते शेअर राखून ठेवणाऱ्यांचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. कारखाना नाही, यंत्रे नाहीत, गोदामात माल नाही, अशा धंद्याचे मोजमाप कसे करावे हे त्या काळी फारसे कोणास उमगले नव्हते. सत्यम् ही याच धंद्यातील कंपनी.

हैदराबादची कंपनी

१९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच्या राजधानीत १९४३ साली स्वतःचा शेअरबाजार सुरू झाला होता. २००७ मध्ये त्याची मान्यता संपुष्टात आली. तोवर शहरातील मोठ्या कंपन्यांचे व्यवहार मुंबईच्या बाजारांत एकवटले होते. सत्यम् कंपनी बी. रामलिंग राजू यांनी १९८७ मध्ये हैदराबादला स्थापन केली. १९९२ मध्ये तिचे शेअर जनतेस विकण्यात आले आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारातही तिची नोंदणी झाली. २००८ पर्यंत सुमारे ५३ हजार कर्मचारी असलेली ही देशातील चौथ्या क्रमांकाची संगणक सेवा कंपनी गणली जात होती. त्याच वर्षी उत्तम कंपनी प्रशासनाबद्दल तिला एक आंतरराष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, जो काही महिन्यांनी परत घेण्यात आला.

१६ डिसेंबर २००८ रोजी कंपनीच्या संचालक मंडळाने मेटास इन्फ्रा व मेटास प्रॉपर्टीज या दोन बांधकाम कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे ठरविले. दोन्ही कंपन्या राजू कुटुंबीयांच्या होत्या. ‘मेटास’ हे नाव म्हणजे ‘सत्यम्’ची इंग्रजी अक्षरे उलट क्रमाने लावून तयार केलेला शब्द होय. संगणकाच्या कंपनीने आपली गंगाजळी जमीनजुमल्यात का घालावी, असा प्रश्न भागधारकांनी केला आणि काही तासांतच हा निर्णय मागे घ्यावा लागला. तरीही दुसऱ्या दिवशी मुंबईत शेअरचा भाव शेकडा ३० च्या आसपास कोसळला.

७ जानेवारी २००९ रोजी राजू यांनी संचालक मंडळास लिहिलेले पत्र शेअरबाजारांकडे व सेबीकडे पोहोचले. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात रोख व बँकांतील शिल्लक म्हणून दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नाहीत, ३७६ कोटी रुपयांचे येणे व्याज काल्पनिक आहे, १,२३० कोटी रुपयांचे देणे दाखविलेले नाही आणि येण्यांचा आकडा ४९० कोटींनी फुगविलेला आहे, अशी कबुली त्यात होती. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत २,७०० कोटी रुपये उत्पन्न व ६४९ कोटी रुपये कामकाजातील नफा दाखविण्यात आला होता. प्रत्यक्षात उत्पन्न २,११२ कोटी आणि नफा केवळ ६१ कोटी रुपये होता. शेकडा २४ म्हणून सांगितलेले नफ्याचे प्रमाण वस्तुतः शेकडा ३ होते. आदल्या दिवशी १८० रुपयांच्या आसपास असलेला शेअर त्या दिवशी ४० रुपयांवर बंद झाला आणि पुढच्या व्यवहाराच्या दिवशी आणखी खाली गेला. २००८ च्या मे महिन्यात त्याच शेअरने पाचशेचा टप्पा ओलांडला होता.

रीती कोठे अडल्या

वर सांगितलेली प्रत्येक रीत या कंपनीस लावून पाहिल्यास काय दिसते? मार्च २००८ अखेरच्या वर्षात दर शेअरमागे जाहीर नफा २५ रुपयांच्या आसपास होता. डिसेंबरच्या मध्यावर शेअर सव्वादोनशे रुपयांना मिळत होता. म्हणजे नफ्याची पट जेमतेम नऊ. या धंद्यातील चांगल्या कंपनीस एवढी कमी पट असेल तर शेअर स्वस्त समजावा, असेच कोणताही सल्लागार सांगता. इतर कंपन्यांशी तुलना केल्यानेही शंका आली नसती. शेकडा २४ हे नफ्याचे प्रमाण या धंद्यात अशक्य कोटीतील नव्हते. खोटे आकडे रचणाऱ्यांनी ते शेजाऱ्यांच्या आकड्यांशी जुळतील असेच रचले होते, आणि म्हणून तुलनेची रीत फसवणूक उघड करण्याऐवजी तिला पाठबळ देणारी ठरली.

मालमत्तेच्या रीतीची स्थिती याहून चमत्कारिक आहे. इमारती, यंत्रे, नाममुद्रा यांच्या किमतीविषयी मतभेद होऊ शकतात. बँकेतील रोख शिल्लक ही मात्र निर्विवाद मालमत्ता समजली जाते आणि मूल्यमापन करणारा तिला पूर्ण किमतीने जमेस धरतो. सत्यम्‌चे सुमारे ६७ कोटी शेअर होते. ताळेबंदाप्रमाणे प्रत्येक शेअरमागे ८० रुपये रोख होते. खरी रोकड पाच रुपयांहूनही कमी निघाली. ज्या आकड्याची फेरतपासणी करण्याची गरज कोणालाही वाटली नाही, नेमका तोच आकडा पोकळ होता.

रोख आवक वटवून मूल्य काढण्याची रीत सर्वांत विश्वसनीय मानतात, कारण नफा हा हिशेबनिसाच्या मतावर अवलंबून असतो व रोकड मोजता येते, असे तिचे पुरस्कर्ते म्हणतात. सामान्य परिस्थितीत हे म्हणणे रास्त आहे. कंपनी नफा दाखवीत आहे आणि पैसा मात्र येण्यांत अडकून पडला आहे, अशी हातचलाखी रोख आवकीचे पत्रक वाचल्यास बहुधा ध्यानात येते. सत्यम्‌मध्ये मात्र साडेसात हजारांवर खोटी बिले तयार करून उत्पन्न फुगविण्यात आले आणि ती बिले वसूल झाल्याचे दाखविण्यासाठी बँकेच्या खोट्या पावत्या व पत्रे तयार करण्यात आली, असे तपासात आढळून आले. रोकडच बनावट असल्यावर तिच्यावर उभारलेले गणितही बनावटच होणार. कंपनीच्या हिशेबतपासनीसांनी बँकांकडून शिलकेचा दाखला स्वतंत्रपणे मिळविण्यात कसूर केली, असा निष्कर्ष अमेरिकेच्या रोखे आयोगाने २०११ मध्ये काढला. बँकेकडे थेट पत्र पाठवून शिल्लक विचारणे हे काम कोणत्याही मूल्यसूत्राचा भाग नाही. सर्व सूत्रे ते कोणीतरी केले आहे असे गृहीत धरून पुढे चालतात.

सूत्रांच्या बाहेर काही चिन्हे मात्र दिसत होती. २००१ मध्ये कंपनीचे सुमारे पाव भांडवल प्रवर्तकांच्या हाती होते; २००८ पर्यंत ते शेकडा आठ-नऊवर उतरले होते आणि जे उरले तेही मोठ्या प्रमाणावर सावकारांकडे गहाण पडले होते. ज्यांना कंपनीची खरी स्थिती सर्वांत अधिक ठाऊक, त्यांचाच वाटा सतत घटत होता. प्रवर्तकांनी शेअर गहाण ठेवल्यास त्याची माहिती जाहीर करण्याचे बंधन सेबीने या प्रकरणानंतर, जानेवारी २००९ मध्ये घातले. मूल्यमापकांसाठीही पुढे नियम झाले. कंपनी अधिनियम, २०१३ मधील तरतुदीस अनुसरून २०१७ मध्ये नोंदणीकृत मूल्यमापकांची व्यवस्था अस्तित्वात आली असून कोणती रीत वापरली, कोणती गृहीते धरली आणि माहिती कोणाकडून घेतली, हे मूल्यमापकास आपल्या अहवालात नमूद करावे लागते. अहवालातील अंतिम आकड्यापेक्षा ही पाने वाचकास अधिक सांगून जातात; दुर्दैवाने ती सहसा वाचली जात नाहीत.

हिशेबावाचून लिलाव

हिशेब खोटे ठरल्याने कंपनीचे मूल्य शून्य झाले असे नव्हे. उघडकीस आलेल्या तिमाहीत २,११२ कोटी रुपयांचे उत्पन्न खरे होते. हजारो अभियंते कामावर येत होते, परदेशी ग्राहकांची कामे चालू होती. केंद्र शासनाने कंपनी कायदा मंडळाच्या आदेशान्वये जुने संचालक मंडळ दूर केले आणि किरण कर्णिक, दीपक पारेख, सी. अच्युतन प्रभृतींचे नवे मंडळ नेमले. कंपनी नव्या मालकाकडे सोपविण्याचे ठरले; परंतु किंमत कशी ठरवावी? प्रचलित नियमानुसार मागील सव्वीस आठवड्यांच्या बाजारभावाची सरासरी ही किमान किंमत धरावी लागे. ती सरासरी फसवणुकीच्या काळातील भावांनी भरलेली होती आणि त्या दराने कोणीही पुढे आला नसता. अखेरीस सेबीने नियमात दुरुस्ती करून ही अट सैल केली. बाजारभाव हेच मूल्य, या समजुतीस येथे कायद्यानेच मुरड घातली.

१३ एप्रिल २००९ रोजी बोली उघडण्यात आल्या. पुण्यात मुख्यालय असलेल्या टेक महिंद्र कंपनीने दर शेअरला ५८ रुपये देऊ केले, लार्सन अँड टूब्रोने ४५ रुपये ९० पैसे आणि अमेरिकन गुंतवणूकदार विल्बर रॉस यांनी २० रुपये. एकाच कंपनीचे, एकाच वेळी, अनुभवी सल्लागारांकरवी केलेले हे तीन अंदाज. त्यांतील सर्वोच्च अंदाज सर्वांत खालच्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. लेखापरीक्षित हिशेब कोणाजवळही नव्हते. अमेरिकेतील दाव्यांपोटी किती रक्कम भरावी लागेल हेही अनिश्चित होते. त्यांपैकी भागधारकांचा सामुदायिक दावा २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलर देऊन मिटविण्यात आला. अशा स्थितीत किती ग्राहक टिकतील, किती कर्मचारी राहतील आणि योग्य व्यवस्थापनाखाली नफ्याचे प्रमाण कोठवर नेता येईल, एवढ्याच प्रश्नांवर प्रत्येकाने आपले गणित मांडले. सूत्रे तीच, गृहीते वेगळी. लार्सन अँड टूब्रोकडे सत्यम्‌चे सुमारे शेकडा १२ शेअर आधीपासून होते, ही बाबही या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. बोली लावणाऱ्यास ती वस्तू किती हवी, यावरही मूल्य अवलंबून असते आणि त्यासाठी सूत्रात रकाना नसतो.

टेक महिंद्रने सुमारे १,७५७ कोटी रुपये भरून शेकडा ३१ भांडवल घेतले. त्यानंतर नियमाप्रमाणे इतर भागधारकांकडूनही ५८ रुपयांनी शेअर विकत घेण्याची तयारी तिने जाहीर केली, तेव्हा बाजारभाव त्याच्या वर गेलेला असल्यामुळे फारच थोड्यांनी आपले शेअर देऊ केले. म्हणजे सर्वांत उंच बोलीही बाजाराला अवघ्या काही आठवड्यांत कमी वाटू लागली होती. नव्याने तयार केलेले हिशेब प्रसिद्ध व्हावयास सप्टेंबर २०१० उजाडले.

मूळ फसवणुकीच्या खटल्यात हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये राजू व अन्य नऊ जणांना दोषी ठरवून कारावासाची शिक्षा दिली. पुढील महिन्यात अपिलावरून ती स्थगित होऊन त्यांना जामीन मिळाला. तोपर्यंत सत्यम् हे नाव बाजाराच्या यादीतून गेले होते. २०१२ मध्ये दोन्ही कंपन्यांच्या एकत्रीकरणाची योजना जाहीर झाली, तेव्हा दोहोंच्या शेअरांचे मूल्य परस्परांच्या तुलनेत ठरवावे लागले आणि सत्यम्‌च्या १७ शेअरांस टेक महिंद्रचे २ शेअर असे प्रमाण निश्चित करण्यात आले. जून २०१३ मध्ये ही योजना अमलात आली. सत्यम्‌चे शंभर शेअर जवळ बाळगून राहिलेल्या भागधारकाच्या वाट्याला या हिशेबाने टेक महिंद्रचे अकरा पूर्ण शेअर आले व वर थोडा अपूर्णांक उरला.